देवाची वाणी आणि मनाचा प्रतिध्वनी

धर्मगुरूच्या बैठकीच्या खोलीत दोन वाक्ये वरचेवर ऐकू येतात. एक असे : ‘फादर, मी प्रार्थना केली आणि देवाने मला सांगितले.’ दुसरे असे : ‘फादर, इतकी वर्षे प्रार्थना करतो आहे, पण देव माझ्याशी एक शब्दही बोलत नाही.’ पहिले वाक्य उच्चारणाऱ्याच्या चेहऱ्यावर निःशंक समाधान असते. दुसरे उच्चारणाऱ्याच्या आवाजात थकवा असतो. आम्हाला मात्र दोन्ही वाक्ये ऐकताना सारखीच काळजी वाटते. ज्याला देवाचा शब्द इतक्या सहजपणे ऐकू येतो, त्याने तो आपल्याच इच्छेचा प्रतिध्वनी तर नव्हे ना, हे तपासून पाहिले आहे काय? आणि ज्याला काहीच ऐकू येत नाही, तो जेथे कान लावून बसला आहे, तेथूनच देव बोलेल असे त्याने कशावरून ठरविले?

हा प्रश्न केवळ भाविकांच्या मनःशांतीचा नाही. ‘मला असे वाटते’ असे म्हणणाऱ्याशी वाद घालता येतो. ‘देवाची हीच इच्छा आहे’ असे म्हणणाऱ्याशी वाद घालायला घरातल्या धाकट्यांना धीर होत नाही. देवाचे नाव पुढे करून घेतलेल्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची तरी कोणाकडे? मुलीने कोणाशी लग्न करावे, मुलाने सेमिनरीत जावे की न जावे, म्हातारीला कोणी सांभाळावे, वाडी विकावी की राखावी, अशा निर्णयांवर माणसांची आयुष्ये उभी राहतात किंवा मोडतात. म्हणून देवाची वाणी ओळखणे हा जसा अध्यात्माचा विषय आहे, तसाच तो नीतीचाही आहे.

शमुवेलाची तीन धावपळ

जुन्या करारातील शमुवेलाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शिलोच्या मंदिरात झोपलेल्या त्या मुलाला रात्री हाक ऐकू येते आणि तो उठून वृद्ध एलीकडे धावतो. असे तीन वेळा घडते. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण या कथेतून आज्ञाधारकपणाचा धडा शिकवितो. तो योग्यच आहे. परंतु कथेतील आणखी दोन गोष्टींकडे सहसा आपले लक्ष जात नाही.

पहिली गोष्ट अशी, की देवाची हाक शमुवेलाला एलीच्या हाकेसारखी वाटली. ती आकाश फाडून आली नाही. रोजच्या परिचयाच्या, वडीलधाऱ्या माणसाच्या आवाजाशी तिचे इतके साम्य होते की, मुलगा तीनदा फसला. ती हाक देवाची आहे हे त्याला एकट्याला ओळखता आले नाही. दृष्टी मंदावलेल्या एलीने ते ओळखले. म्हणजे देव बोलला शमुवेलाशी. पण ओळख पटवून दिली दुसऱ्याने.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. त्या रात्री शमुवेलाला जो निरोप मिळाला, तो त्याला सुखावणारा नव्हता. ज्या एलीच्या छायेत तो वाढत होता, त्याच एलीच्या घराण्यावर येऊ घातलेल्या न्यायाचा तो निरोप होता. सकाळी तो सांगायलाही मुलगा भीत होता. शमुवेलाने स्वतःच्या मनाने निरोप रचला असता, तर तो असा खचितच नसता.

एलियाच्या कथेतही हेच दिसते. जीव वाचविण्यासाठी पळालेला हा संदेष्टा होरेब डोंगरावरील गुहेत येऊन राहतो. वारा सुटतो, धरणी हादरते, अग्नी पेटतो. देव त्यांपैकी कशातही नसतो. त्यानंतर जी अगदी मंद, कानाला जेमतेम जाणवणारी वाणी येते, ती आधी त्याला ‘तू येथे कशासाठी आलास?’ अशा अर्थाचा प्रश्न विचारते आणि मग ज्या वाटेने तो पळून आला त्याच वाटेने त्याला कामावर परत धाडते. होरेबच्या गुहेत एलियाला आयुष्यभर राहू दिले गेले नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पाणी मुरण्याची जागा

आपल्या समाजात प्रार्थना कमी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. आंजेलची घंटा झाली की आजही कित्येक घरांतील वृद्ध हातातले काम थांबवितात. संध्याकाळची रोझरी, चाळीस दिवसांच्या उपवासकाळातील क्रूसाची वाट, नोव्हेना, सणाचे नऊ दिवस, यांत आपण कसूर करीत नाही. परंतु या साऱ्या प्रार्थनांमध्ये बोलणे किती आणि ऐकणे किती, असा हिशेब मांडला तर काय दिसेल? आपण देवापुढे आपल्या गरजांची यादी वाचतो, शेवटी आमेन म्हणतो आणि उठून जातो. डॉक्टरकडे जाऊन आपली दुखणी सांगावीत आणि त्याने तोंड उघडण्यापूर्वीच दवाखान्याबाहेर पडावे, तसे हे होते.

वसईच्या वाड्यांमधून वाढलेल्या वाचकांना बावखल म्हणजे काय, हे सांगायला नको. वाडीच्या सखल भागातील हे लहानसे तळे. पावसाळ्यात आजूबाजूचे पाणी त्यात साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि परिसरातील विहिरींना गोड्या पाण्याचा आधार देते. पाणी मुरताना कोणाला दिसत नाही. त्यामुळे गेल्या काही दशकांत पुष्कळांना बावखल ही वाया गेलेली जागा वाटू लागली आणि अनेक बावखले भराव घालून बुजविण्यात आली. भरावाचा परिणाम त्याच आठवड्यात विहिरीत दिसत नसतो. तो काही उन्हाळे गेल्यावर दिसतो.

दिवसातील मौनाचा वेळ हे आपल्या जीवनातील बावखल आहे. त्या वेळात काही ‘घडत’ नाही म्हणून आपण तो भरून टाकतो. पूर्वी तो दूरदर्शनच्या मालिकांनी भरला, आज तो मोबाइलने भरला आहे. चर्चगेटला जाणाऱ्या गाडीत तासभर बसणाऱ्या माणसाला एके काळी खिडकीबाहेर पाहण्यावाचून इलाज नव्हता. आता तोही तास भरला गेला. यात पाप आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु दिवसभरात आपल्याला जे भेटले, दुखले, आवडले, खटकले, ते मनात मुरण्यासाठी जागाच उरली नाही, तर विहिरीला पाणी कोठून येणार?

लोयोलाच्या अंथरुणावरील शोध

अशी मोकळी जागा एका माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध मिळाली आणि त्यातून ख्रिस्तसभेला एक अमोल देणगी लाभली. स्पेनच्या बास्क प्रांतातील इग्नेशिअस हा तरवारीच्या व मानमरातबाच्या नादात रमलेला सरदारपुत्र. १५२१ साली पॅम्प्लोनाच्या किल्ल्याचे रक्षण करताना तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. लोयोलाच्या वाड्यात अनेक महिने त्याला अंथरुणावर पडून राहावे लागले. त्याने वेळ घालविण्यासाठी शिलेदारांच्या साहसकथा मागितल्या. घरात निघाली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे.

पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्ने पाहू लागला. कधी एखाद्या थोर घराण्यातील स्त्रीसाठी पराक्रम गाजविण्याची, तर कधी संत फ्रान्सिस व संत डोमिनिक यांच्यासारखे जगण्याची. दोन्ही स्वप्ने पाहताना त्याला सारखाच आनंद होई. फरक पडे तो नंतर. पहिल्या स्वप्नातून बाहेर आल्यावर मन कोरडे व असमाधानी राही. दुसऱ्यातून बाहेर आल्यावर प्रसन्नता टिकून राही. पुष्कळ दिवस त्याने या फरकाकडे लक्ष दिले नाही. एके दिवशी ते गेले आणि तेथून त्याच्या जीवनाला वळण लागले. उतारवयात स्वतःची हकीकत सांगताना त्याने हा प्रसंग मुद्दाम नमूद करवून घेतला.

या शोधाचे मर्म असे की, इग्नेशिअसने कोणताही आवाज ऐकला नव्हता. त्याने फक्त विचार ओसरल्यावर मनात काय उरते, याची नोंद घेतली. देवाची वाणी बहुधा मागे वळून पाहताना कळते. एम्माउसच्या वाटेवरील दोन शिष्यांनाही प्रभू दिसेनासा झाल्यावरच आठवले की, तो बोलत असताना आपले अंतःकरण तापले होते.

पुढे इग्नेशिअसने हा अनुभव ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात बांधला. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली त्यास मान्यता दिली. त्यातील दैनंदिन आत्मपरीक्षणाची पद्धत कोणाही प्रापंचिकाला जमेल इतकी साधी आहे. प्रथम दिवसाच्या देणग्यांबद्दल देवाचे आभार मानावेत. मग स्वतःला नीट पाहण्यासाठी त्याच्याकडे प्रकाश मागावा. त्यानंतर सकाळपासूनचे तास एकेक करून डोळ्यांसमोर आणावेत. जे चुकले त्याची क्षमा मागावी आणि उद्यासाठी एक निश्चय करावा. याच परंपरेत घडलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. १६१६ साली छापल्या गेलेल्या त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चे आपण सारे कौतुक करतो. परंतु परक्या देशातून आलेल्या त्या धर्मगुरूने मराठीत ओवी लिहिण्यापूर्वी किती वर्षे इथल्या माणसांचे बोलणे कान देऊन ऐकले असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो. ज्याला माणसाचे ऐकण्याची सवय नाही, त्याला देवाचे ऐकता येईल, असे आम्हाला वाटत नाही.

प्रापंचिकाच्या दिवसात ही पद्धत कशी चालते ते पाहू. पहाटेच्या गाडीने दादरला फुले घेऊन जाणारी एखादी भगिनी रात्री दहा मिनिटे शांत बसते. सकाळपासूनचा दिवस ती आठवते. गाडीत एका अनोळखी मुलीने टोपली चढवायला हात दिला, तो क्षण आठवून तिला बरे वाटते. दुपारी वाडीत कामाला येणाऱ्या आदिवासी बाईला अर्ध्या दिवसाची मजुरी कापून दिली, तो क्षण आठवताच मन तेथून झटकन पुढे सरकू पाहते. हे झटकन सरकणे महत्त्वाचे आहे. मन जेथे थांबायला तयार नसते, तेथेच बहुधा कोणीतरी हाक मारीत असते.

समाधान ही पुरेशी खूण आहे काय?

येथे एक धोका आहे आणि त्याबद्दल स्पष्टपणे बोलले पाहिजे. ‘प्रार्थनेनंतर मनाला शांती लाभली, म्हणजे निर्णय देवाचा आहे,’ असे अनेक जण मानतात. ही समजूत अर्धीच खरी आहे.

समजा, एका घरात दोन भाऊ आणि एक विवाहित बहीण आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले. त्यांच्या वाडीला आता मोठा भाव आला आहे आणि खरेदीदार तयार आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार ख्रिस्ती कुटुंबात मुलाला आणि मुलीला सारखाच वाटा मिळतो. भावांची इच्छा अशी, की बहिणीने हक्कसोडपत्रावर मुकाट सही करावी. थोरला भाऊ भाविक आहे. तो नोव्हेना करतो, मेणबत्ती लावतो, मिस्साविधी अर्पण करवितो. प्रार्थनेत बहिणीचा चेहरा समोर आला की त्याला अस्वस्थ वाटते. ही अस्वस्थता सैतानाची आहे, असे समजून तो आणखी एक जपमाळ म्हणतो. हळूहळू अस्वस्थता मावळते. मग तो घरी येऊन सांगतो, ‘देवाने मला शांती दिली आहे. बाईने सही करावी, हीच त्याची इच्छा आहे.’

या भावाला खोटारडा म्हणणे सोपे आहे. पण तो खोटे बोलत नाही. शांती त्याला खरोखरच लाभली आहे. प्रश्न असा, की ती कोणाकडून लाभली? संत इग्नेशिअसने या बाबतीत फार मार्मिक नियम सांगितला आहे. जो देवाकडे वाटचाल करीत आहे, त्याच्या मनाला चांगला आत्मा हळुवार स्पर्श करतो, स्पंजात पाण्याचा थेंब जिरावा तसा. आणि दुष्ट आत्मा त्याला डिवचतो, दगडावर थेंब आपटावा तसा. परंतु जो देवापासून दूर जात आहे, त्याच्या बाबतीत हे सारे उलटे होते. त्याला थोपटून निजविणारा दुष्ट आत्मा असतो आणि टोचणी लावणारा देव असतो. म्हणजे शांतीचा अर्थ लावण्यापूर्वी आपले तोंड कोणत्या दिशेला आहे, हे पाहावे लागते. आपल्या गोष्टीतील भावाशी देव बोलला होता. बहिणीचा चेहरा समोर येणे हेच ते बोलणे होते. भावाने जपमाळेचा उपयोग ते बोलणे बुडवून टाकण्यासाठी केला.

म्हणून प्रार्थनेत जे ऐकू आले असे वाटते, त्याला काही प्रश्न विचारावेत. हे देवाच्या आज्ञांशी आणि शुभवर्तमानाशी जुळते काय? देव कोणाच्या कानात एक आणि सिनाय पर्वतावर दुसरे असे बोलत नाही. याने कोणाचे नुकसान होते, आणि ते सोसणारा माणूस या खोलीत हजर आहे काय? गैरहजर माणसाच्या पदरून दिलेली उदारता देवाची नव्हे. हा निर्णय मी प्रायश्चित्त संस्कारात किंवा एखाद्या निःस्वार्थी, जाणत्या माणसापुढे मोकळेपणाने मांडू शकेन काय? शमुवेलाला एलीची गरज लागली. आपल्याला ती लागणार नाही, असे मानणे धाडसाचे आहे. शेवटचा प्रश्न सर्वांत साधा : हे ऐकताना मला काही सोडावे लागत आहे काय? नेहमीच आपल्या सोयीचे बोलणारा देव हा आपण स्वतःच घडविलेला असण्याचा संभव फार.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात सदसद्विवेकबुद्धीला माणसाच्या अंतरंगातील गाभाऱ्याची उपमा दिली आहे. तेथे माणूस देवासमवेत एकटा असतो. पण गाभारा झाडून स्वच्छ ठेवावा लागतो. येशूसंघात घडलेल्या पोप फ्रान्सिस यांनी २०२२ साली बुधवारच्या सभांमधून अशा विवेकाविषयी प्रवचनांची मालिका सुरू केली, ती नव्या वर्षापर्यंत चालली. तीत मनोनिग्रहापेक्षा स्वतःला ओळखण्यावर त्यांनी भर दिला होता, तो याच कारणाने.

काहीच ऐकू येत नाही तेव्हा

आता दुसऱ्या वाक्याकडे वळू. ‘देव माझ्याशी बोलत नाही’ असे म्हणणारी माणसे बहुतेक वेळा निष्काळजी नसतात. आजारी मुलाच्या उशाशी रात्री जागणारी आई असते, ऐन तारुण्यात वैधव्य आलेली स्त्री असते, व्यसनी मुलाची वाट पाहणारा बाप असतो. त्यांना ‘श्रद्धा कमी पडते’ असे सांगणे हे क्रौर्य आहे.

संत मदर तेरेजा यांचे उदाहरण अशा वेळी आम्हाला आधार देते. १० सप्टेंबर १९४६ रोजी कलकत्त्याहून दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत त्यांना दरिद्री माणसांत जाऊन राहण्याची स्पष्ट हाक आली. जगाला ही कथा ठाऊक होती. पुढची कथा मात्र त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ साली त्यांची खाजगी पत्रे प्रसिद्ध झाली तेव्हा सर्वांना कळली. झोपडपट्टीतील काम सुरू झाल्यानंतर त्यांच्या प्रार्थनेत अंधार दाटला आणि मधला थोडा काळ वगळता तो अखेरपर्यंत राहिला. ज्या देवाची हाक ऐकून त्या निघाल्या, तो त्यांच्या अंतरी जणू मुका झाला होता. तरी त्यांनी पहाटेची प्रार्थना सोडली नाही आणि मरणोन्मुख माणसाला उचलणे थांबविले नाही. २०१६ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले, तेव्हा या अंधारासह दिले.

या उदाहरणाने दुःख हलके होते, असा आमचा दावा नाही. देव का गप्प राहतो, याचे सर्वांचे समाधान करणारे उत्तर धर्मगुरूच्या झोळीत नसते. परंतु एवढे कळते की, ऐकू न येणे म्हणजे सोडून दिले जाणे नव्हे. मत्तयच्या शुभवर्तमानातील अखेरच्या न्यायाच्या दृश्यात नीतिमान लोक आश्चर्याने विचारतात की, प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिले? त्यांनी त्याला ओळखलेच नव्हते. तरी त्यांनी भुकेल्याला अन्न दिले होते आणि तेवढ्याने त्यांचे ऐकणे पुरे झाले होते. मुलाच्या उशाशी बसलेल्या त्या आईला कोणताच आवाज ऐकू येत नसेल. पण मुलगा कण्हला की ती उठते. तिचे हे उठणे म्हणजे दिलेले उत्तर आहे, आणि हाकेवाचून कोणी उत्तर देत नाही.

तेव्हा दोन्ही प्रकारच्या वाचकांना आमची एकच विनंती आहे. आज रात्री रोझरी संपल्यावर लगेच उठू नका. दिवा मंद करा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दहा मिनिटे बसा. देवाकडे काही मागू नका, काही म्हणू नका. सकाळपासून भेटलेली माणसे एकेक करून डोळ्यांसमोरून जाऊ द्या. पहिल्या दिवशी झोप येईल, दुसऱ्या दिवशी बाजारहाट आठवेल. आठवडाभर तरी चिकाटी धरा. कोणत्या तरी रात्री एक नाव असे येईल की, त्याच्यापाशी मन थांबायला तयार होणार नाही. ते नाव बहिणीचे असेल, शेजाऱ्याचे असेल किंवा वाडीत राबणाऱ्या एखाद्या बाईचे असेल. त्या नावापाशी थांबा. आणि सकाळी उठून, कामाला लागण्यापूर्वी, त्या माणसाच्या दारी जाऊन या.